पैलवान पोरगी आणि बिनतेलाचं घर

डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पाळी पाच महिने नाही. सोनोग्राफी, थायरॉइड ठीक. आहार बघावा.' समोर १७ वर्षांची पोरगी, ५३ किलो गटात कुस्ती खेळणारी. सोबत आई आणि वडील. वडील जुने पैलवान. मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे तालमीतल्या घरांशी रोजचा संबंध. बहुतेकांना तूप आणि म्हशीचं दूध जरा आवरा म्हणून सांगावं लागतं. इथं सगळं उलटंच निघालं.

"दिवसभरात काय काय खातेस?"

"दोन भाकऱ्या खातो, उकडलेली भाजी, सहा अंड्यांचं पांढरं. दूध साय काढून."

"आणि पिवळा बलक?"

"टाकून देतो."

आई म्हणाली, "ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासनं घरात तेलाचा डबाच आणला न्हाई, म्यॅडम. दाण्याचं कूटसुदिक बंद. पोरीचं वजनबी गटात ऱ्हातंय, म्हटलं बरंच झालं."

मला खरोखर वाईट वाटलं. त्या माऊलीनं नवऱ्याच्या काळजीपोटी स्वतःच्या जिभेवरही पाणी सोडलं होतं.

कागद घेऊन मी हिशेब मांडला. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९. फोडणी, दाणे, साय आणि बलक मिळून रोजचे ५० ग्रॅम गेले, तर ४५० कॅलरी गेल्या. सकाळ-संध्याकाळ मेहनत करणाऱ्या पोरीची ही तूट भरायची कशानं? असं महिनोन्महिने चाललं की मेंदू पाळीची सूत्रं आवरती घेतो आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक घटतं. इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ व्हायला लागतात, तीही नेमकी हाडं भरायच्या वयात. मला खरी भीती त्याची होती. पाळी नाही म्हणून कुरकुर करणारं कोणी नसतं, उलट सरावाला बरंच, असं पोरींनाच वाटतं.

शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. ताटात गाजर आणि मेथी असली तरी सोबत थोडंही तेल नसेल, तर त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी नीट लागत नाही. पेशीचं आवरणच मुळात स्निग्ध द्रव्याचं. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्लं तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. दुसऱ्या आम्लासाठी जवसाची चटणी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

वडील गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "पण म्यॅडम, माझ्या काळजाचं काय? मी शेरभर तूप पचवलंय."

त्यांच्या डॉक्टरांनी तेल कमी करा म्हणून सांगितलं होतं, शून्य करा असं नव्हे. मी त्यांना म्हटलं, तूप, साय आणि मटणाची चरबी हात राखून घ्या, दिवसाला चार-पाच छोटे चमचे शेंगदाणा किंवा करडईचं तेल चालेल. पण बेकरीची खारी आणि त्याच त्या तेलात पुन्हा पुन्हा तळलेलं नको. खारीत घालतात त्या वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं घटवते. म्हणून तर जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपात ती २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे.

"मग ते बिनकोलेस्टेरॉलवालं तेल आणतो."

या लेबलाचा मला मनापासून राग येतो. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. असल्या छापाला जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

पोरीला रोज दोन अख्खी अंडी, मूठभर दाणे, फोडणीची भाजी आणि साईसकट दूध लिहून दिलं. एक भाकरीही वाढवली, कारण सगळी तूट काही तेलाचीच नव्हती. वस्तादांना फोन करून गटाचा विषय काढला. ते आधी खवळले, पण हाडांची गोष्ट ऐकून ५७ किलोला तयार झाले. काही महिन्यांनी पाळी सुरू झाली. ड जीवनसत्त्व मात्र अजून कमीच आहे, त्यावर डॉक्टरांचं औषध चालू आहे. वडिलांची खारी सुटलेली नाही, दर भेटीला आमचा त्यावरून वाद होतो.