सही खरी, पण पुस्तक ‘इतर’मध्ये

अमेरिकन बेसबॉलपटू हँक ॲरनच्या आत्मचरित्राची, त्याची सही असलेली प्रत मिळायला काहीच त्रास झाला नाही. न्यू जर्सीतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘आय हॅड अ हॅमर’ होतं, १९९१ चं, आत निळ्या बॉलपेनने सही. जुना दिग्गज बेब रूथचा ७१४ होमरनचा (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) विक्रम ॲरनने ८ एप्रिल १९७४ ला मोडला. त्याआधी एका काळ्या खेळाडूने रूथला मागे टाकू नये म्हणून आलेल्या धमक्यांबद्दल त्यात वाचलं, तेव्हाच हे पुस्तक घरात हवं असं ठरवलं होतं. ॲरन २०२१ मध्ये गेला, म्हणजे नवी सही मिळण्याचा प्रश्नच नाही.

डोकं फिरलं ते सही तपासून देणाऱ्या कंपनीपाशी. ऑनलाइन फॉर्ममध्ये वस्तूचा प्रकार निवडायचा: बॉल, बॅट, फोटो, जर्सी, कार्ड. पुस्तक नाहीच! ते ‘इतर’मध्ये. फी वस्तूवर नाही, सही कोणाची त्यावर, आणि ॲरन काही स्वस्तातला नाही. पुढचा रकाना: स्टिकर कुठे लावायचा? म्हणजे यांचा चकचकीत नंबरवाला स्टिकर सहीशेजारी कायमचा चिकटणार. बॉलला चालत असेल, पुस्तकाच्या पानावर कशाला? शेऱ्यात स्पष्ट लिहिलं, स्टिकर नको, फक्त सही खरी असल्याचं पत्र द्या.

मग सुरू झालं वाट बघणं. साइटवर ‘मिळाले’ एवढा एकच शब्द, आणि तो हलायलाच तयार नाही. फोन लावला की आधी संगीत, मग नवा माणूस, मग पहिल्यापासून सगळी कथा. एका मुलीने तर फार प्रेमाने सुचवलं, “तुम्ही परवानगी दिलीत तर सहीचं पान कापून प्लास्टिकमध्ये सील करून देऊ. ते काम लवकर होतं.” पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायच्या घरात मी वाढलो. म्हटलं, बाई, कात्री लांब ठेवा आणि तुमच्या वरच्यांना द्या फोन. वरचे म्हणाले, पत्रच हवं असेल तर फी वेगळी. भरली. पण “पान कापणार नाही, स्टिकर लावणार नाही” हे ईमेलवर लेखी घेतलं. फोनवरचं आश्वासन पुढच्या माणसाला माहीत नसतं. ते ईमेल प्रत्येक वेळी पुढे करत गेलो तेव्हा कुठे गाडी हलली. शेवटी पत्र आलं, सहीच्या फोटोसकट, आणि पुस्तक अगदी जसंच्या तसं. खरं सांगतो, सही खरी ठरल्यापेक्षा पान वाचल्याचा आनंद जास्त झाला.

ही मंडळी इतकी ताठर का, हेही मान्य करायला हवं. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले होते!

म्हणून पैसे मोजण्याआधी घरीच तारखा जुळवा. जुना बेसबॉलपटू टाय कॉब जुलै १९६१ मध्ये गेला, त्याचं आत्मचरित्र ‘माय लाइफ इन बेसबॉल’ त्यानंतर बाजारात आलं. त्यावर कॉबची सही दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. कॉपीराइटच्या पानावरची आकड्यांची ओळही बघा, तिथून कितवी छपाई ते कळतं. दुसरा बेसबॉलपटू मिकी मँटल १९९५ ला गेला. नंतरच्या छपाईवर त्याची सही असेल तर ती कोणाची, देव जाणे. पान तिरकं धरून उजेडात बघा: हाताच्या सहीत दाब कमी-जास्त होतो, यंत्राने केलेली सही सगळीकडे सारखीच दिसते.

हो, पाठवताना पोस्टाचं स्वस्त ‘मीडिया मेल’ वापरू नका. पुस्तकांसाठीच असतं खरं, पण सावकाश जातं आणि तपासणीसाठी पाकीट उघडू शकतात. रजिस्टर्ड करा.

आता बेसबॉलपटू योगी बेराच्या सहीचं पुस्तक शोधतोय. ‘द योगी बुक’ १९९८ चं, तो २०१५ पर्यंत होता आणि राहायचाही इथेच, न्यू जर्सीत. परवा दुकानदाराने दोन प्रती काढल्या आणि अभिमानाने म्हणाला, ही सर्टिफाइड आहे, आत स्टिकर आहे. मी दुसरी उचलली.