अकरा नावं आणि बाकीचे

कांचनाबुरी, रात्र

बाकीचे सगळे झोपले असतील. मला हे लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

बँकॉकहून सकाळी लवकर निघालो होतो. बसमध्ये नाश्त्याची पाकिटं, गाणी, गप्पा, नेहमीचंच. पहिला थांबा होता इथल्या युद्ध दफनभूमीचा. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासाठी अर्धा तास होता, आणि गावाच्या मधोमध, भर रस्त्याला लागून ती असेल असं मला वाटलंच नव्हतं. आत जवळजवळ ७,००० जणांच्या कबरी आहेत. बहुतेक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच. सगळे दुसऱ्या महायुद्धातले जपान्यांचे युद्धकैदी, ज्यांना जपान्यांनी थायलंड ते ब्रह्मदेश रेल्वे बांधायला जुंपलं होतं. प्रत्येक कबरीपाशी एक बसका दगड, त्यावर ब्राँझची तिरकी पाटी. पलटणीचं चिन्ह, नाव, हुद्दा, तारीख, वय. काहींवर घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ. मी एका रांगेने वाचत निघाले. बावीस, चोवीस, एकवीस. साल मात्र पुन्हा पुन्हा तेच, १९४३. वाचायला वाकावं लागतं, आणि थोड्या वेळाने कळतं की आपण प्रत्येकापुढे वाकतोय.

आमच्या ग्रुपमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "४१५ किलोमीटरचा मीटर गेज मार्ग, तोही डोंगर-जंगलातून, सव्वा वर्षाच्या आसपास पुरा केला. मी आयुष्यभर लाइनवर काढलंय. हे काम इतक्या वेळात माणसं मारल्याशिवाय होत नाही." त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि पुढचं सगळं मी वेगळ्या नजरेने पाहिलं. थायलंडच्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायतपर्यंतचा हा मार्ग १९४२ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्हीकडचे रूळ जुळले. समुद्रमार्गे रंगूनला रसद न्यायची तर दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्यांची भीती होती, म्हणून हा खटाटोप. पुढे १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं. म्हणजे ही लाइन शेवटी आपल्याच दिशेने येत होती.

तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, "आपलं कुणी आहे का हो इथे?"

गाइड आम्हाला परत प्रवेशद्वाराच्या इमारतीत घेऊन गेला. आत येताना आम्ही सगळे तिथूनच आलो होतो, न थांबता. तिथे अकरा नावं आहेत. अविभाजित हिंदुस्थानच्या लष्करातले अकरा जण. थायलंडमधल्या वेगवेगळ्या मुस्लिम कब्रस्तानांत त्यांना पुरलं होतं, पण त्या कबरींची निगा राखणं शक्य झालं नाही, म्हणून त्यांची नावं इथे कोरली. मावशींनी ती सगळी मोठ्याने वाचली. कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो.

मग याच रेल्वेचा क्वाय नदीवरचा पूल. तिथे गर्दी होती. एका जुन्या इंग्रजी चित्रपटाने हा पूल जगभर पोचवला, त्यामुळे सगळ्यांना इथेच फोटो हवा असतो. काढावा, त्यात वावगं काही नाही, मीही काढला. काकांनी मात्र आम्हाला लोखंडी कमानी नीट बघायला लावल्या. गोलाकार कमानी मूळच्या, जपान्यांनी जावाहून आणलेल्या. मधल्या दोन सरळ धाटणीच्या नंतरच्या. बॉम्बफेकीत पडलेल्या गाळ्यांच्या जागी युद्धानंतर बसवलेल्या. रूळ वापरात आहेत. गाडी आली की सगळे कडेच्या छोट्या सज्ज्यांवर सरकतात आणि ती सावकाश निघून जाते.

दुपारी हेलफायर पास. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या, म्हणून निम्मे लोक वरच्या संग्रहालयात थांबले. कातळ चिरून केलेली ती अरुंद खिंड आहे. एक जण पहार धरायचा, दुसरा घण घालायचा, भोक पुरेसं खोल गेलं की सुरुंग. फुटलेला दगड हातांनी उचलायचा. १९४३ मध्ये मुदत जवळ आली तशी रात्रीही बांबूच्या मशाली पेटवून कामं चालली, भर पावसाळ्यात, आणि त्यातच कॉलरा आला. एके ठिकाणी तुटलेल्या पहारीचा तुकडा अजून कातळात रुतलेला आहे. मी त्याला बोट लावलं. गार होता. कातळावर घणाच्या कामाच्या सरळ खोबणी दिसतात, बोट फिरवलं की लागतात.

युद्धकैदी सुमारे ६०,००० होते, त्यातले १२,००० हून अधिक मेले. आणि याच लाइनवर राबवलेले आशियाई मजूर? अंदाज दोन लाखांच्या आसपासचा. मेलेले किती, याचाही अंदाजच. ९०,००० च्या घरातला आकडा बहुतेक ठिकाणी दिला जातो. ब्रह्मी, जावानीज, मलायी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली, मळे बंद पडले, घरात खायला नाही. अशा वेळी काही महिन्यांचं काम, मजुरी, शिधा असं सांगून नेलं. पुढे लोक जाईनासे झाले तेव्हा धरून नेलं. कैद्यांकडे निदान त्यांचे अधिकारी होते, डॉक्टर होते, आणि जिवावर उदार होऊन लपवलेल्या याद्या होत्या. कोण कुठे मेला, कुठे पुरला, हे त्यांनी टिपून ठेवलं, म्हणून युद्धानंतर त्यांना शोधून सकाळच्या त्या दफनभूमीत आणता आलं. कॉलऱ्याने गेलेल्यांना जाळावं लागलं, तरी अशा सुमारे ३०० जणांची रक्षा दोन कबरींत आहे आणि नावं मंडपातल्या फलकांवर आहेत. मजुरांची यादी कुणी करायची? मळ्यावर मागे राहिलेल्या बायकोला कोण कळवणार होतं?

मला याचा राग येतोय. त्या सात हजार पाट्यांचा नाही, त्या तशाच जपल्या पाहिजेत. राग याचा की मावशींच्या प्रश्नाचं उत्तर अकरा नावांवर संपलं, आणि आम्ही सगळे समाधानाने बसमध्ये जाऊन बसलो.

परतीच्या वाटेवर गाइडला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की दफनभूमीजवळच वाट थावोर्न वराराम नावाचं मंदिर आहे, तिथे या मजुरांच्या अस्थींवर बांधलेला स्तूप आहे. मलेशियातल्या तमिळ लोकांच्या पुढाकाराने त्याच आवारात अलीकडे एक वीरगळही उभारली गेली. कार्यक्रमात हे नाही, कारण कुणी विचारत नाही, असं तो म्हणाला.

जेवताना टूर मॅनेजरशी बोलले. तो म्हणाला, उद्याची बस साडेआठची आहे, त्याआधी जाऊन येणार असाल तर माझी हरकत नाही. साडेसातला लॉबीत जमायचं ठरलंय. काका येतायत, मावशी येतायत, आणि हेलफायर पासला खाली न उतरलेल्यांपैकीही बरेच जण. मावशींनी हॉटेलच्या रिसेप्शनवर फुलं कुठे मिळतील ते आत्ताच विचारून ठेवलंय.