बीडीएस, लोन आणि मामांची पॉलिसी

बीडीएस, म्हणजे डेंटिस्टच्या डिग्रीच्या, थर्ड इयरच्या एका ज्युनिअरने परवा व्हॉट्सॲपवर पॉलिसीच्या कागदाचा फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, मॅम ही घेऊ का, मामा म्हणताय आजच सही कर. वर्षाला ३० हजार हप्ता, २० वर्षं भरायचा, कव्हर ६ लाख, आणि शेवटी बोनस धरून अंदाजे १० लाख मिळतील हे मामांनी कडेला पेनाने लिहून त्याला दोनदा गोल केलेलं. मी कॅल्क्युलेटर काढला. हिशोब केला तर वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के पडतात, म्हणजे एफडीपेक्षाही कमी, आणि कव्हर किती तर ६ लाख, जे हिच्या एज्युकेशन लोनलासुद्धा पुरणार नाही. मी म्हटलं सही करू नको. आणि केलीच असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात, थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. मामा रुसतील, चालायचंच, दिवाळीपर्यंत येतात नॉर्मलला.

गंमत अशी की आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याच्या घरात विमा काय असतो हे शिकवायची गरजच नाहीये. केळीचा विमा सगळ्यांना कळतो. थंडीत तापमान किती दिवस किती खाली गेलं की पैसे, वाऱ्याचा वेग किती झाला की पैसे, हे ट्रिगर, म्हणजे पैसे मिळायच्या अटी, आबांना, म्हणजे वडिलांना, तोंडपाठ असतात, आणि वर्ष चांगलं गेलं, काहीच झालं नाही, तर कोणी असं म्हणत नाही की माझा हप्ता परत द्या. हप्ता गेला, बाग वाचली, विषय संपला. पण तेच आबा पोरीच्या पॉलिसीला बसले की पहिला प्रश्न, शेवटी परत किती मिळतील? इथेच मामांचं फावतं.

आता मुद्द्याचं, आणि हे मी भेटेल त्या स्टुडंटला सांगते. बीडीएस चालू असताना तुमच्या आयुष्याचा मोठा विमा काढायची घाई नसते, विमा पाहिजे तो ज्याच्या जिवावर तुमची फी भरली जाते त्याचा. सेकंड इयरला असताना वडिलांना काही झालं तर उरलेल्या वर्षांची फी, होस्टेल, मेस, शिवाय बँकेचं लोन ज्यावर त्यांची सही आहे आणि कधीकधी शेताचा उतारा पण तारण पडलेला आहे, हे सगळं कोण बघणार? तर आधी आबांच्या नावावर साधा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, शेवटी काही परत न मिळणारा विमा. वय ५० च्या जवळ आलं असेल, बीपी-शुगर असेल तर हप्ता महाग येतो किंवा कंपनी नाहीच म्हणते, तेव्हा निदान प्रधानमंत्री जीवनज्योती तरी, वर्षाला ४३६ रुपये, २ लाखाचं कव्हर, पण त्यात शिरायचं वय ५० पर्यंतच. आणि सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघातासाठी २ लाख, ७० वयापर्यंत. दोन्ही बँकेच्या खात्यातून मे-जूनमध्ये आपोआप कापले जातात, फक्त त्या वेळी खात्यात तेवढे पैसे असले पाहिजेत, आणि पीककर्जाच्या खात्यात नेमके तेव्हाच नसतात! शेतकऱ्यासाठी सरकारची गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, तीपण २ लाखाची, साप चावला शॉक लागला तरी चालते, पण ती अपघातापुरतीच, हार्ट अटॅकला नाही.

लोनचा हिशोब एकदा कागदावर करा, कोणीच करत नाही. समजा १० लाखाचं लोन, दरवर्षी अडीच लाख असं चार वर्षं, व्याज १० टक्के. कोर्स इंटर्नशिप धरून ५ वर्षं आणि वर एक वर्ष सवलत, तोपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं, साधं व्याज. पहिल्या अडीच लाखावर ६ वर्षं, दुसऱ्यावर ५, मग ४, मग ३, म्हणजे वर्षाचे २५ हजार गुणिले १८, झाले साडेचार लाख. तुम्ही १० लाख घेतले आणि हप्ता सुरू व्हायच्या दिवशी बँक साडेचौदा धरते. १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला १९ हजारांच्या आसपास. तेच जर व्याज तेवढं त्या त्या वर्षी भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारच पडतात, तर पुढचा हप्ता १३ हजारांवर येतो. नवीन डेंटिस्टला पहिल्या वर्षी तालुक्याच्या क्लिनिकमध्ये काय मिळतं हे तुम्हाला माहितीये, त्यात हे सहा हजार म्हणजे मोठी गोष्ट आहे.

लोन घेताना बँकवाले त्यातच एक विमा घुसवतात, एकरकमी प्रीमियम, तोही लोनमध्येच मिळवून, म्हणजे त्यावरपण व्याज. तो घ्यायलाच पाहिजे असा कायदा नाही. पण मी सरसकट नको म्हणणार नाही, कारण स्टुडंटला स्वतःच्या नावाचा टर्म प्लॅन सहजासहजी मिळत नाही, उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि तुम्हाला काही झालं तर लोन बापाच्या गळ्यात. फक्त प्रीमियम किती, आणि विमा कोणाच्या नावावर, तुमच्या का वडिलांच्या, हे दोन प्रश्न विचारा, मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकदा इन्कम टॅक्सचा पहिला रिटर्न भरला की स्वतःचा टर्म घ्या, लोन फिटेल एवढा तरी.

हातांचं बोलू. आपला धंदा दोन हातांवर, त्यातही अंगठा आणि तर्जनीवर. पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीचा कागद उघडून अपंगत्वाचा तक्ता बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये पूर्ण अंगठा गेला तर रकमेच्या २५ टक्के, तर्जनी गेली तर १०. आता तर्जनी नसलेला माणूस दुकान चालवेल, नोकरी करेल, पण तो एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, कसा धरणार? तक्ता सगळ्यांसाठी एकच असतो, डेंटिस्टसाठी वेगळा नसतो. म्हणून आपण रक्कमच मोठी घ्यायची, आणि ज्यात तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर आठवड्याला पैसे मिळतात तो भागपण घ्यायचा. धुळे-जळगाव बाईकवर ये-जा करणाऱ्यांनी तर आधी हेच. मान आणि कंबर मात्र यात येत नाही, ते हळूहळू बिघडतं, अपघात नव्हे. त्याला उपाय म्हणजे स्टूलची उंची नीट ठेवा, बाकी काही नाही.

आणि सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, आणि नंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, करा, १० च्या वर पाहिजे. क्लिनिकल पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी. अर्ध्या बॅचचा तिसरा डोस राहिलेला असतो, विचारलं की म्हणतात घेणारच होतो मॅम.

मेडिक्लेमचं थोडक्यात. घरच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत, तुम्ही असाल तर बहुतेक ठिकाणी २५ वयापर्यंतच, म्हणजे इंटर्नशिप संपली की वर्ष-दोन वर्षांत बाहेर, पोरींचं लग्न झालं तर त्याच्या आधीच. बाहेर पडताना स्वतःची पॉलिसी घ्या आणि जुनी वर्षं पोर्ट करून घ्या, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, जो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, परत पहिल्यापासून मोजला जात नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, ते बरं झालं. आणि हो, डेंटिस्टच्या मेडिक्लेममध्ये दातच नसतात. अपघातात तुटले असतील तर वेगळं, नाहीतर रूट कॅनॉल-कॅप सगळं खिशातून.

आता इन्डेम्निटी, म्हणजे पेशंटने केस केली तर भरपाईचे पैसे देणारा विमा, यावर जरा थांबते कारण कॉलेजात हे कोणी नीट सांगत नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता केसमध्ये सांगितलं की पैसे घेऊन केलेली डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, तेव्हापासून पेशंट ग्राहक मंचात जाऊ शकतो, आता पेशंटने भरलेली फी ५० लाखापर्यंत असेल तर जिल्हा आयोग. समजा दाढेच्या रूट कॅनॉलमध्ये फाइल, म्हणजे कॅनॉल साफ करायची बारीक सुई, तुटली, हे चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं, एक्सरेत शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये पांढरी रेघ दिसते. तुम्ही पेशंटला सांगितलं, केस पेपरवर लिहिलं, सही घेतली, स्पेशालिस्टकडे पाठवलं, तर तुमची बाजू बरीच भक्कम. लपवलं, आणि वर्षाने दुसऱ्या डॉक्टरने एक्सरे दाखवून सांगितलं, तर मग नोटीस येते.

ही पॉलिसी क्लेम्स-मेड असते, म्हणजे नोटीस येते तेव्हा पॉलिसी चालू पाहिजे आणि ट्रीटमेंट रेट्रोॲक्टिव्ह तारखेच्या नंतरची पाहिजे. ती तारीख म्हणजे तुम्ही पहिल्यांदा पॉलिसी घेतली तो दिवस, जोपर्यंत रिन्युअल न तुटता चालू आहे तोपर्यंत. एक वर्ष कंटाळा केला, पुढच्या वर्षी नवीन घेतली, तर तारीख नवीन, आणि आधीच्या सगळ्या पेशंटसाठी तुम्ही उघड्यावर. ग्राहक मंचात साधारण २ वर्षं तक्रार करता येते, त्यामुळे क्लिनिक सोडून पीजीला गेलात तरी लगेच बंद करू नका. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि पहिल्या पेशंटला हात लावायच्या आधी घ्या, दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम करत असाल तरी, कारण नोटिशीत क्लिनिकवाल्याच्या नावाखाली तुमचंही नाव असतं. कंपनी एका केसला किती भरेल आणि वर्षाला एकूण किती, हे दोन आकडे वेगळे असतात, दोन्ही बघा. इम्प्लांट करणार असाल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. आणि हेल्परने स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, केली आणि काही बिघडलं तर ते कोणतीच कंपनी भरून देणार नाही, हे आपल्या भागातल्या काही सिनिअर मंडळींनीसुद्धा वाचावं.

बचतीचं फार सांगत नाही. पहिल्या पगारातून आधी सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बँकेत बाजूला, मग एसआयपी, पीपीएफ, काय ते. जळगावला सोनं आणि प्लॉट यापलीकडे गुंतवणूक कोणाला पटत नाही, सोनं ठीक आहे, पण दवाखान्यासाठी पैसे लागले की प्लॉट एका आठवड्यात विकला जात नाही. पतसंस्थेत जास्त टक्के मिळतात म्हणून ठेवणाऱ्यांनी एकच लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आपल्या जिल्ह्यात ज्यांचे पैसे अडकले त्यातले कितीतरी रिटायर्ड शिक्षक होते, गावात कोणालाही विचारा.

शेवटचं, टॅक्सचं. मोठ्या क्लिनिकने किंवा हॉस्पिटलने तुम्हाला पगार न देता प्रोफेशनल फी म्हणून पैसे दिले आणि वर्षाचे ५० हजारांच्या वर गेले तर ते १० टक्के टीडीएस कापतात. नवीन डेंटिस्टचं उत्पन्न एवढं असतच नाही की टॅक्स बसेल, वरून ४४ एडीए या नावाने ओळखली जाणारी सोय आहे, जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायचं, हिशोबाच्या वह्यांची कटकट नाही. म्हणजे कापलेले पैसे बहुतेक सगळे परत मिळतात, पण रिटर्न भरला तरच. आणि पॅन दिला नसेल तर १० नाही, २० टक्के कापतात, तेव्हा जॉईन होतानाच अकाउंटंटकडे पॅनची झेरॉक्स देऊन टाका.