समासातलं 'मग?'

डेझर्टेशनचा पहिला ड्राफ्ट मॅडमनी परत दिला तेव्हा समासात पेन्सिलने जागोजागी एकच शब्द होता, 'मग?'. मला रागच आला, कारण मी तर प्रत्येक पॅराग्राफला रेफरन्स दिलेला, टेबल टाकलेलं, अजून काय पाहिजे यांना! एका ठिकाणी मी लिहिलेलं की लायब्ररीत जास्त वेळ बसणाऱ्या मुलांना मार्क जास्त पडतात, खाली सर्व्हेचं टेबल, आणि लगेच पुढचं वाक्य 'यावरून लायब्ररीचे महत्त्व सिद्ध होते'. मॅडम म्हणाल्या, "अगं, जी मुलं मुळातच अभ्यासू तीच लायब्ररीत जाऊन बसत असतील तर?" मी गप्प. टेबल खरं होतं, आकडे खरे होते, पण टेबलापासून त्या वाक्यापर्यंत मी कशी पोचले हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, वाचणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं.

मग त्यांनी मला जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचं लिखाण वाचायला लावलं. १८५४, लंडन, सोहो भागात कॉलऱ्याची साथ. तेव्हा बहुतेक डॉक्टरांचं म्हणणं की रोग घाण हवेतून पसरतो, स्नोचं म्हणणं पाण्यातून. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू जास्त आहेत एवढंच दाखवून तो थांबला असता तर समोरचा म्हणाला असता, बरोबर आहे, तिथली हवाच खराब. म्हणून स्नो नेमका न बसणाऱ्या केसेसच्या मागे लागला. शेजारीच गरिबांसाठीचं वर्कहाउस, ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५, कारण त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या ब्रुअरीत सत्तरहून जास्त कामगार, कॉलऱ्याने कोणी मेलं नाही, ते बिअर प्यायचे आणि मालकाच्या मते पंपाकडे फिरकतही नव्हते. आणि उलट बाजूला, लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा, जिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मुद्दाम मागवायची, ती मात्र गेली. आता हवेचा मुद्दा टिकतो का सांगा! हवा सगळ्यांची तीच, पाणी वेगळं, आणि हॅम्पस्टेडच्या बाईची तर हवासुद्धा वेगळी.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. आपण असतो तर लिहिलं असतं, दांडा काढला आणि साथ थांबली, विषय संपला. पण स्नोने स्वतःच लिहिलंय की लोक आधीच पळून गेले होते, साथ आधीच ओसरत होती, त्यामुळे ती दांड्यामुळे थांबली असं ठामपणे म्हणता येत नाही. स्वतःच्या बाजूचा आयता मुद्दा माणसाने असा सोडून दिला, आणि मी मात्र एका टेबलावर 'सिद्ध होते' लिहून मोकळी.

लायब्ररीचा पॅराग्राफ मी परत लिहायला बसले. सर्व्हेत आधीच्या वर्षीचे मार्क विचारलेले होतेच, ते काढले, सारख्या मार्कांची मुलं एकत्र घेऊन परत बघितलं. फरक बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. तेच तसंच्या तसं लिहिलं, 'सिद्ध होते' काढून 'काही अंशी संबंध दिसतो' केलं, आणि सहा ओळींचा पॅराग्राफ दीड पानाचा झाला. यावेळी समासात 'मग?' नव्हतं. 'सर्व्हेत किती मुलं होती ते लिही' असं होतं.