माड-पोफळींचा (नारळ-सुपारीच्या झाडांचा) पंचनामा: काय लिहून घ्यायचं

कोकणात वादळ किंवा परतीचा पाऊस झाला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच मदत मिळते. २०२२ ते २०२६ साठीचे केंद्राचे दर हेक्टरी असे: जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५००; मर्यादा दोन हेक्टर. राज्य सरकार कधी दर वाढवतं, कधी मर्यादा. म्हणून त्या-त्या आपत्तीचा शासन निर्णय काढून वाचा, गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका.

आपल्याकडे अडतं ते हेक्टरपाशी. आठ गुंठे भात आडवं झालं तर हिशेब सुमारे ६८० रुपयांचा होतो. केंद्राच्या निकषात किमान रक्कम आहे, जिरायतीला १,००० आणि बहुवार्षिकला २,५००, ती मागायला विसरू नका. वाडीचं, म्हणजे माड-पोफळींच्या बागेचं, दुखणं याहून मोठं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या वाड्या झोपल्या, तेव्हा सरकारला झाडामागे मदत द्यावी लागली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. पाच गुंठ्यांत सहा माड आणि साठ पोफळी पडल्या असतील तर या दराने ४,५०० होतात; हेक्टरी २२,५०० धरले तर किमान रकमेचे २,५००च. माड फळाला यायला लागणारी वर्षं पाहता दोन्ही आकडे तोकडेच आहेत. पण पुढचा निर्णय कोणत्या मापाने येईल हे आधी कळत नाही, म्हणून पंचनाम्यात क्षेत्र आणि झाडांची संख्या दोन्ही लिहून घ्या.

संख्याही वेगवेगळी हवी: मुळासकट उपटलेली, बुंध्यात मोडलेली, शेंडा पिरगळलेली. तिसरा प्रकार हमखास सुटतो. माडाला वाढीचा कोंब एकच, तो दुखावला तरी झाड काही आठवडे हिरवं दिसतं आणि मग वाळतं. पंचनाम्याच्या दिवशी ते उभं असल्याने जिवंत धरलं जातं. तारीख-ठिकाण उमटणारे फोटो काढा, लाकूड हलवायच्या आधी.

दुसरी अडचण सातबाऱ्यावर. आंबा-काजूची कलमं उभी असतात आणि उताऱ्यावर ‘गवत’ किंवा पडीक असतं. ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदीत) आंबा, काजू, माड, पोफळ नोंदवले नसतील तर फळबागेचा दर मिळवताना झगडावं लागतं. ही नोंद पावसाळ्याआधी तपासा. सामायिक उताऱ्यावर मुंबईचे चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी बारा-पंधरा नावं असतील, तर एकाच्या नावे रक्कम घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. गणपतीला सगळे घरी जमतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवाव्यात. मयताचं नाव असेल तर आधी वारस नोंद.

डोंगर उतरून भाताच्या खाचरात तीन इंचांहून जास्त माती-गाळ बसला, तर तो पीकनुकसानीत मिसळू देऊ नका. गाळ काढायला हेक्टरी १८,००० आणि जमीनच खचली किंवा वाहून गेली तर ४७,००० असा वेगळा निकष आहे, मात्र फक्त अल्प आणि अत्यल्प (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या) भूधारकांसाठी.

यादी मंजूर झाली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधारने ई-केवायसी करायची. शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांना बहुधा ती करावी लागत नाही. पैसे पासबुकाची झेरॉक्स दिलेल्या खात्यात जातीलच असं नाही; आधारला थेट लाभासाठी जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात. ते मुंबईतलं जुनं, बंद पडलेलं खातं असेल तर रक्कम परत फिरते. ‘मायआधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय याची, स्थिती दिसते. खातं बदलायचं तर बँकेत अर्ज द्यावा लागतो. यादीत नावच नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा, सोबत सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि फोटो जोडा, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.