जखमी होऊन परतलेल्या आजोबांच्या कागदांमागे : मेहकर ते बेळगाव

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकाचा शोध तुलनेने सोपा असतो, कारण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत त्याचे नाव, क्रमांक आणि पलटण घरबसल्या पाहता येते. जो जखमी होऊन जिवंत परतला, त्याची तशी एकत्र यादी मला कुठे मिळाली नाही. माझे आजोबा या दुसऱ्या वर्गातले. मेहकर तालुक्यातील आमच्या गावात त्यांना सगळे ‘पलटणीतले बाबा’ म्हणत. ते डाव्या पायाने लंगडत, तीन महिन्यांनी पेन्शन आणायला जात आणि लढाईचा विषय निघाला की इराकमधील बसऱ्याच्या खजुरांचे वर्णन करून मोकळे होत. त्यामुळे ते इराकमध्येच जखमी झाले, अशी घरात सर्वांची समजूत होती. या प्रवासाचा हेतू ती समजूत तपासणे हा होता. ज्यांच्या घरात अशीच एखादी अर्धवट हकिकत असेल, त्यांना त्यातील काही गोष्टी उपयोगी पडाव्यात.

सुरुवात घरातील लोखंडी पेटीपासून करावी आणि पेटी उघडल्यावर आधी पदके पाहावीत. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या आकाराचे पदक असेल तर त्याच्या पाठीवर. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये, अक्षरे झिजतात. आमच्याकडील ताऱ्याच्या विटक्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा रंग ओळखू येत होता. ती इटली स्टारची, म्हणजे इटलीतील मोहिमेबद्दल दिल्या जाणाऱ्या पदकाची फीत, आणि इराकच्या समजुतीला पहिला धक्का तिनेच दिला. सैनिकाचा क्रमांक हाती असल्याशिवाय पुढच्या कोणत्याही कार्यालयात जाऊ नये. नुसत्या नावावर कोणी शोधून देत नाही, कारण त्या काळच्या इंग्रजी नोंदींत आडनाव अनेकदा नसते आणि एकाच नावाचे कित्येक शिपाई असतात.

त्यानंतर तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढण्याची सवय आपल्याकडे बहुतेकांना आहे. तेच बुक इथेही कामी येते, कारण त्यात गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवावा. भरतीच्या वेळी वय अंदाजाने लिहिले जाई, म्हणून लष्करी कागदातील वय आणि कोतवाल बुकातील वय जुळले नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. वडिलांचे नाव आणि गाव जुळणे अधिक महत्त्वाचे. अर्ज सकाळी लवकर द्यावा आणि मार्चअखेरीस जाऊ नये. एका कार्यालयात आम्हाला बस्ताच, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठाच, सापडत नसल्याचे सांगण्यात आले. वर्षाऐवजी गावाचे नाव पुढे करून पुन्हा विचारल्यावर तो सापडला.

या शोधातील खरी खाण मात्र बुलढाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठरली. मेहकरहून चिखलीमार्गे एस.टी. मिळते आणि काम लवकर आटोपले तर त्याच दिवशी परत येता येते. आजोबांच्या पश्चात आजीने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जाची फाईल तिथे होती आणि तिच्यात त्यांच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत जोडलेली होती. पुरुषाच्या नावाने काही निघाले नाही तर त्याच्या विधवेच्या नावाने विचारावे, हे मी आवर्जून सांगेन. पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, म्हणजे पी.पी.ओ., तिथेच मिळाला. तो न मिळाल्यास जिल्हा कोषागारात किंवा पेन्शन घेत असत त्या टपाल कार्यालयात चौकशी करता येते. संरक्षण खात्याचे पेन्शन मंजूर करणारे लेखा कार्यालय प्रयागराजला आहे.

त्या प्रतीवरील संक्षेप वाचता आले तर निम्मी कथा उलगडते. ‘जी.एस.डब्ल्यू.’ म्हणजे गोळीची जखम, ‘सी.एम.एफ.’ म्हणजे मध्य भूमध्यसागरी फौज, ‘पायफोर्स’ म्हणजे इराक-इराणमधील फौज. आजोबांच्या कागदावर हे तिन्ही होते. त्यांची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. ती इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये होती. ही डिव्हिजन आधी इराक, इराण आणि सीरियात तैनात होती आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. म्हणजे खजूर खरे होते, पण गोळी तिथली नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पावसाने फुगलेली सांग्रो नदी ओलांडताना या डिव्हिजनने जबर किंमत मोजली; आजोबांच्या मांडीत गोळी शिरल्याची नोंद त्याच महिन्यातली आहे. याच बटालियनच्या नामदेव जाधव यांना पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून सुरक्षित आणल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. आजोबांनाही कोणीतरी असेच उचलून मागे आणले असणार; पायात गोळी असलेला माणूस चिखलातून आपल्या बळावर परतत नाही.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. मेहकरहून थेट सोय नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठावे आणि तिथून मिरजमार्गे रेल्वेने जावे. निघण्यापूर्वी अभिलेख कार्यालयाला पत्र लिहून उत्तर हाती येईपर्यंत थांबावे, कारण लष्करी आवारात नुसते ओळखपत्र दाखवून प्रवेश मिळेलच असे नाही आणि छायाचित्रे काढता येत नाहीत. अर्जासोबत सैनिकाचा मृत्यू दाखला, तुमचे नाते दाखवणारा पुरावा आणि आधार कार्डाची प्रत लागते. अपेक्षा माफक ठेवाव्यात: पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सेवाकागद साधारण २५ वर्षांनी आणि पेन्शनधारकांचे ५० वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. कायम जपून ठेवतात तो ‘लाँग रोल’, म्हणजे प्रत्येक शिपायाची एका ओळीची नोंद. आम्हाला तिचाच उतारा मिळाला. त्यात भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि कारण होते : जखमेमुळे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. जखमेचा तपशील बेळगावपेक्षा बुलढाण्यात अधिक मिळाला, म्हणून ज्यांना लांबचा प्रवास झेपणार नाही त्यांनी जिल्ह्याचे ठिकाण नीट धुंडाळले तरी बरेचसे काम होते.

पुढचा टप्पा लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराचा. तिथे बटालियनच्या युद्धदैनंदिनी आहेत; १९४३ मधील इटलीसाठी डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्धखाते) १६९ आणि १९४४ पासून डब्ल्यू.ओ. १७० ही मालिका पाहावी. प्रती पैसे भरून मागवता येतात. जखमी शिपायांची नावे त्यांत क्वचितच असतात, फक्त आकडे असतात. पण जखमेची तारीख हाती असेल तर त्या दिवशी पलटण कोणत्या टेकडीवर होती ते कळते. तारीख माहीत नसेल तर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. आम्ही त्या एका महिन्याच्या पानांची मागणी नोंदवली आहे.