स्पेक्ट्रमच्या पाठीवरचे नवे ओझे

मामांनी १९८७ साली घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातील त्यांच्या घराच्या माळ्यावरून खाली आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही सुधारित आवृत्ती आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने विकली होती. सोबत प्रोग्रॅमच्या सतरा कॅसेट, एक जॉयस्टिक आणि तिला यंत्राशी जोडणारा इंटरफेस एवढा ऐवज निघाला. टेपरेकॉर्डर मात्र निघाला नाही, आणि टेपरेकॉर्डरशिवाय स्पेक्ट्रमला जुने काहीच आठवत नाही. म्हणून जुन्या जॉयस्टिक इंटरफेसच्या जागी जॉयस्टिक आणि एसडी कार्ड दोन्ही सांभाळणारा नवा बोर्ड करावयाचा, परंतु मूळ यंत्राच्या बोर्डावरील एकही रेषा कापावयाची नाही, असे मी ठरवले.

बोर्डाची आखणी सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठ्याकडे पाहणे भाग होते. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत ते धन असते, त्यामुळे व्होल्टेज जुळते म्हणून घरातला कोणताही अडॅप्टर जोडणाऱ्याला पश्चात्ताप करण्याइतकाही वेळ मिळत नाही. आतील ७८०५ रेग्युलेटर वरचे सगळे व्होल्टेज उष्णतेत घालवून ५ व्होल्ट देतो, आणि एसडी कार्ड लिहिताना १०० मिलिअँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. कार्डाला लागणारे ३.३ व्होल्ट थेट ९ व्होल्टवरून साध्या रेग्युलेटरने घेतले, तर १०० मिलिअँपिअरला त्या चिमुकल्या भागावर अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता साचते. ५ व्होल्टवरून घेतले तर ती ०.१७ वॉटवर येते. म्हणून ७८०५ काढून त्याच्याच तीन भोकांत बसणारा स्विचिंग रेग्युलेटर लावला. मूळ बोर्डात एवढाच बदल केला, तो सोल्डर वितळवून केव्हाही मागे घेता येतो, आणि काढलेला ७८०५ पाकिटात जपून ठेवला आहे.

खरी परीक्षा एज कनेक्टरने घेतली. स्पेक्ट्रमच्या मागच्या फटीतून मुख्य बोर्डाचीच कड बाहेर डोकावते. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून छप्पन्न संपर्कांच्या जागा असून पाचव्या जागी एक खाच आहे. इंटरफेस एका जागेने सरकून बसू नये एवढ्यासाठीच ती खाच आहे, कारण खालच्या बाजूस ५ आणि ९ व्होल्टचे संपर्क अगदी शेजारी शेजारी आहेत आणि वरच्या बाजूस उणे ५ आणि अधिक १२ व्होल्ट यांच्यामध्ये केवळ एक संपर्क आहे. मेमरीच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी वापरलेल्या आठ ४११६ चिपांना ५, १२ आणि उणे ५ अशी तिन्ही व्होल्टेज लागतात, आणि त्यांतले उणे ५ गेले की बाकीची दोन त्यांचा जीव घेतात. यंत्र चालू असताना इंटरफेस लावू किंवा काढू नये, हा नियम माहितीपुस्तिकेत शोभेसाठी लिहिलेला नव्हता.

हा कनेक्टर आता सहज मिळत नाही. परंतु जुन्या ३८६ संगणकाच्या मदरबोर्डवरील आठ-बिट स्लॉटमधील संपर्कांचे अंतरही तेच, म्हणजे २.५४ मिलिमीटर असते, आणि त्यात एकतीस जोड्या असतात. तीन जोड्या करवतीने कापल्या की अठ्ठावीस उरतात. पाचव्या जोडीचे संपर्क उपसून तेथे खाचेत बसणारी पातळ पट्टी घालावी लागते, आणि ती मी उद्यमबागेतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हायलम या विद्युतरोधक लॅमिनेटच्या तुकड्यातून घासून घेतली. रोज हायड्रॉलिक पंपांचे भाग कातणाऱ्या तेथील मिस्त्रींनी नखाएवढा तो तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, “साहेब, ह्याचं बिल तरी कसं करू?” बिल त्यांनी केले नाहीच, उलट नवा बोर्ड हलू नये म्हणून खाली टेकवायला ॲल्युमिनियमचा छोटा पायही करून दिला. त्या पायाची गरज सिंक्लेअरच्याच आधीच्या झेडएक्स८१ संगणकाच्या मालकांना पटली असती. त्याच्या मागे लटकणारा १६ किलोबाइटचा मेमरी पॅक टेबलाला धक्का लागताच डुलत असे आणि तासाभराचे टंकलेखन पुसून टाकत असे.

आमच्याकडच्या हवेचाही येथे विचार करावा लागतो. खानापूरच्या बाजूने चढून येणारा पाऊस जून ते सप्टेंबर घरातील कोणताही धातू कोरडा राहू देत नाही, आणि स्पेक्ट्रमच्या कडेवरचे संपर्क काळवंडतात. शाळेतल्या साध्या खोडरबराने हलके घासून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की ते उजळतात. सँडपेपर मात्र कटाक्षाने टाळावा.

त्यानंतर पत्त्यांचा, म्हणजे प्रोसेसर प्रत्येक उपकरणाला ज्या पोर्ट क्रमांकाने हाक मारतो त्याचा, प्रश्न आला. सिंक्लेअरने पैसे वाचवण्यासाठी पोर्टचा पूर्ण पत्ता कोठेच तपासलेला नाही. पडदा, कळफलक आणि टेप सांभाळणारी, पोर्ट २५४ वर असलेली यूएलए चिप प्रत्यक्षात फक्त सर्वांत खालची पत्तारेषा शून्य आहे की नाही एवढेच पाहते, म्हणजे प्रत्येक सम पोर्टला तीच ‘ओ’ देते. सिंक्लेअरचा छोटा प्रिंटर दुसऱ्या क्रमांकाची रेषा पाहतो (सर्वांत खालची रेषा शून्य क्रमांकाची), आणि पोर्ट ३१ वर वाचली जाणारी केम्पस्टन पद्धतीची जॉयस्टिक अनेक इंटरफेसांत केवळ पाचवी रेषा पाहते. एसडी कार्डासाठी रूढ झालेल्या डिव्हएमएमसी रचनेचे पोर्ट २२७, २३१ आणि २३५ आहेत. तिन्ही विषम आहेत आणि तिन्हींत पाचवी रेषा एक आहे, म्हणून यूएलए आणि जॉयस्टिक यांच्याशी त्यांचा तंटा होत नाही. परंतु २२७ आणि २३५ मध्ये दुसरी रेषा शून्य असल्याने तो प्रिंटर मध्येच हलू लागेल, आणि सिंक्लेअरच्या मायक्रोड्राइव्ह या छोट्या टेप-साठवणीसाठीच्या इंटरफेस १ शीही हे पोर्ट भिडतात. माझ्याकडे ही दोन्ही उपकरणे नाहीत, तरीही जॉयस्टिकचा पत्ता मी ७४एचसीटी६८८ या तुलना करणाऱ्या चिपने पूर्ण तपासला. जुन्यांनी काटकसर केली म्हणून आपणही करावी, असे काही नाही.

ज्या फटीतून नव्या बोर्डाला आत शिरता येते, ती मात्र मूळ रचनाकारांनीच ठेवली आहे. यूएलए आणि रॉम यांच्यामधील निवडरेषेत ६८० ओहमचा रेझिस्टर आहे. बाहेरून ती रेषा ५ व्होल्टकडे ओढली की आतील १६ किलोबाइटची रॉम गप्प बसते आणि तिच्या पत्त्यांवर आपली रॉम बोलू शकते. याहून गमतीची गोष्ट एनएमआय या, प्रोसेसरला हातातले काम थांबवायलाच लावणाऱ्या संकेताची आहे. तो मिळाला की झेड८० प्रोसेसर १०२ या पत्त्यावर उडी घेतो, परंतु तेथील रॉममध्ये एका अटीची दिशा चुकून उलटी लिहिली गेली आणि वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर जाण्याची सोय पहिल्या दिवसापासून निकामी ठरली. नव्या इंटरफेसांनी नेमकी हीच पडीक जागा कसायला घेतली. बटण दाबताच एनएमआय जातो, १०२ वरची आज्ञा वाचली जाताच नवी रॉम समोर येते आणि पडद्यावर कार्डातील फायलींची यादी उभी राहते.

हे सारे बहुतेक लोक एक्ससी९५७२एक्सएल सारख्या एका सीपीएलडी चिपमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपमध्ये, बसवतात. मी तसे केले नाही. चाळीस वर्षांच्या यंत्राला नवे करण्यासाठी निवडलेली ती चिपच २०२४ मध्ये बंद होणाऱ्यांच्या यादीत गेली, तर ७४ मालिकेतील साध्या चिपा आजही बनतात. (झेड८० च्या मूळ चाळीस पायांच्या चिपेसाठी झायलॉगने शेवटची मागणी त्याच वर्षी १४ जूनपर्यंत स्वीकारली; दोन जादा चिपा माझ्या कपाटात आहेत.) पत्ते ओळखण्यासाठी एटीएफ२२व्ही१० या दोन चिपा, ३२ किलोबाइट रॅम, ८ किलोबाइट ईईप्रॉम आणि कार्डाशी एकेक बिट बोलणारी शिफ्ट रजिस्टरे, असा बोर्ड काहीसा मोठा झाला, पण उद्या त्यातले काही जळाले तर तेवढेच बदलता येईल. कार्डाकडे जाणारे ५ व्होल्टचे संकेत ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एलव्हीसी२४५ मधून जातात. उलट दिशेला काहीच लागत नाही, कारण २ व्होल्टच्या वरचे सारे एचसीटी चिप ‘एक’ म्हणूनच वाचते.

प्रोसेसरची सलग बाइट वाचणारी आज्ञा एका बाइटला घड्याळाचे २१ ठोके घेते. सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या घड्याळावर त्या हिशेबाने ४८ किलोबाइट भरण्यास सेकंदाचा एक तृतीयांशही लागत नाही. टेपवरून याच कामाला चार-पाच मिनिटे लागत.

उरल्या त्या सतरा कॅसेट. खडेबाजारातील एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून टेपरेकॉर्डर आणला, हेडजवळचा स्क्रू आवाजातील धार स्पष्ट होईपर्यंत किंचित किंचित फिरवला, आणि लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करून त्याच्या फायली कार्डावर उतरवल्या. बारा कॅसेट निघाल्या, पाच अजून दाद देत नाहीत. निघालेल्यांत मामांनी स्वतः बेसिकमध्ये लिहिलेला, दुकानाच्या उधारीचे व्याज काढणारा एक प्रोग्रॅम आहे. कार्डावरून तो डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच चालू होतो आणि पहिल्याच ओळीत इंग्रजी लिपीतल्या मराठीत सांगतो, की टेप बंद करा आणि कोणतीही कळ दाबा. ती ओळ मी बदललेली नाही.